भरल्या पानावरून उठवलेला चापडा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या निसर्ग छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांना आणि आयोजकांना खुले पत्र

परीक्षक मंडळी, सप्रेम नमस्कार.

काही वर्षांपूर्वी तुमच्यापैकी तिघांनी माझ्या एका फोटोला पहिलं बक्षीस दिलं होतं. शेवाळानं मढलेली फांदी, तिच्यावर वेटोळं घालून बसलेला चापडा हा हिरवागार विषारी साप, अंगावर पावसाचे थेंब आणि मागे मिट्ट काळोख. वर्ग होता 'नैसर्गिक अधिवासातील सरीसृप'. त्या फोटोत ठाण्यालगतचं येऊरचं जंगल खरं होतं, जुलैची रात्र खरी होती आणि चापडाही खराच होता. बाकीचं सगळं मी मांडलेलं होतं.

फांदी पन्नासेक पावलांवरून तोडून आणली होती. थेंब कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारतात त्या फवाऱ्याचे होते. मागचा काळोख फ्लॅशची करामत. साप मुळात बसला होता कारवीच्या झुडपात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, शेपटीचा विळखा मागच्या काटकीला आणि डोकं खाली वाटेकडे. कारवीची पानं मध्ये येत होती, म्हणून आधी ती कात्रीनं छाटली. तरी फ्रेम जमेना, तेव्हा आमच्यातल्या एकानं हुकनं, म्हणजे साप उचलायच्या आकड्याच्या काठीनं, त्याला अलगद उचललं. अलगद हा शब्द आम्ही फार वापरतो. मग फांदीवर ठेवला, उतरला. परत ठेवला, परत उतरला. पाचव्या-सहाव्या खेपेला दमून तो गोल होऊन बसला आणि आम्ही चौघांनी आळीपाळीनं चाळीस मिनिटं फ्लॅश मारले.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं; रात्री तिथं हिंडायची परवानगी आम्हाला नव्हती, हेही इथंच सांगून टाकतो. आम्ही पाड्यातल्या एका ओळखीच्या काकांच्या वाडीच्या कुंपणापाशी होतो. कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे, ते आम्ही सोयीस्करपणे पाहिलं नाही.

काम झाल्यावर साप पुन्हा त्याच झुडपात सोडला आणि आपण किती जबाबदार आहोत या समाधानात काकांच्या ओटीवर चहा प्यायलो. काका वारली. जन्म येऊरमध्ये गेलेला, बोलणं मोजकं. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तो तिथं उगाच बसला व्हता काय? पानावर बसलेल्याला उठवू नये, भाऊ."

तो चापडा त्याआधी चार रात्री मला त्याच झुडपात, त्याच काटकीवर दिसला होता. नंतरच्या दोन्ही रात्री दिसला नाही. काकांनाही दिसला नाही. मेला असं माझं म्हणणं नाही. पण चापडा कसा जगतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला काकांचं वाक्य लागेल. तो भक्ष्याच्या मागे धावत नाही. बेडूक, पाल, उंदीर जिथून जातात अशी जागा हेरतो आणि तिथं थांबतो. एक रात्र, दोन रात्री, कधी त्याहून जास्त. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीनं त्याला उबदार अंगाचा उंदीर अंधारातही जाणवतो. म्हणजे ती काटकी हेच त्याचं वाढलेलं पान. आमचं चाळीस मिनिटांचं शूट म्हणजे भरल्या पानावरून उठवणं. माणसाच्या बाबतीत याला आपण काय म्हणतो ते तुम्हाला सांगायला नको.

हे पत्र फोटोग्राफरांना न लिहिता तुम्हाला का लिहितोय? फोटोग्राफरांना सांगून झालं. प्रत्येक ग्रुपवर 'साप हाताळू नका'चं चित्र फिरतं आणि त्याच्याच खाली हाताळलेल्या सापाचा फोटो येतो, त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. बाजारात जे विकलं जातं तेच पिकतं, आणि आमच्या बाजारात भाव ठरवता तुम्ही. मी ती फांदी तोडली, कारण आदल्या वर्षीच्या पहिल्या फोटोत तशीच फांदी होती.

नेमकी उलटी गोष्टही माझ्याच बाबतीत घडली आहे. ऐरोलीच्या बाजूला, ओहोटीच्या वेळी, खाडीच्या बांधावर पोटावर पडून मी श्वानमुखी सापाचा एक फोटो काढला होता. चारशे मिलिमीटरची लेन्स, सापापासून दहा-बारा हात अंतर. हा खारफुटीच्या चिखलातला साप. मासे खातो, त्यात चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्याही आल्या, अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो. माझ्या फोटोत तो चिखलाच्या ओघळातून वर येतोय, समोर एक निवटी मागे सरकतेय, आणि दोघांच्या मधे दुधाची रिकामी पिशवी. ती पिशवी मी ठेवली नव्हती, काढलीही नव्हती. निकालासोबत आलेल्या शेऱ्यात होतं की विषय वेधक आहे पण पार्श्वभूमी अस्वच्छ. अहो, ती ठाण्याची खाडी आहे. २०२२ मध्ये तिच्या फ्लेमिंगो अभयारण्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तरी भरतीबरोबर पिशव्या येतातच. त्या सापाचा नैसर्गिक अधिवास तोच आहे, पिशवीसकट.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. सापाच्या फोटोकडे बघताना फोटो कसा दिसतो याच्या आधी तो कसा काढला हे वाचा. फोटो वाचता येतो. मला येतो, कारण ही सगळी सोंगं मी स्वतः केली आहेत.

दगडाच्या बरोबर मधोमध, जिलेबीसारखा गोल बसलेला साप दिसला की आधी टोपी आठवा. पळणाऱ्या सापावर टोपी किंवा टोपलं पालथं घालतात. अंधार मिळाला की तो आत गोल होऊन शांत होतो, मग टोपी उचलायची आणि तो हलायच्या आत चार-पाच फ्रेम मारायच्या. आमच्यात याला 'टोपीखालचा साप' असंच म्हणतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवणं. सापाला अंगची उष्णता नसते, तो बाहेरच्या उन्हावर चालतो; गार केला की हलत नाही, आणि फोटोत मोठा शांत, ध्यानस्थ वाटतो. हे मी केलेलं नाही. करणाऱ्यांच्या शेजारी बसून वडापाव मात्र खाल्लाय.

फणा काढलेला नाग कुणाला आवडत नाही? पण नाग आपल्या वाटेनं जात असतो तेव्हा फणा नसतो. लांबून बघणाऱ्याला तो धामणच वाटतो. फणा म्हणजे तो घाबरलाय, आणि समोर जो आहे त्यालाच घाबरलाय. समोर कॅमेराच असतो बहुधा. हरणटोळाचंही तसंच. मान फुगवून खवल्यांमधली काळी-पांढरी नक्षी दाखवत आ वासलेला हरणटोळ ही धमकी आहे. असा प्रत्येक फोटो ढोंगच असतो असं मी म्हणणार नाही, रस्ता ओलांडणारा नाग कुत्र्यासमोरही फणा काढतो. पण एकाच स्पर्धेत फण्याचे बारा नाग आणि फण्याविना एकही नाही, हे निसर्गाचं प्रमाण नव्हे.

मण्यार निशाचर. दिवसा सापडलीच तर बहुतेक वेळा गोळा होऊन डोकं वेटोळ्यात खुपसते. भर उन्हात हिरवळीवर मान वर करून बसलेली मण्यार दिसली तर ती बरणीतून आली आहे का, एवढं विचारायला हरकत नाही. खापरखवल्या तर जन्मभर मातीत राहणारा साप, गांडुळांवर जगणारा. तो रंगीत अळंबीच्या छत्रीवर चढून काय बघत असेल? गेल्या काही वर्षांत मी त्याला अळंबीवर पाहिलंय, फुलावर पाहिलंय, एकदा तर गणपतीच्या दिवसांत जास्वंदीवरही पाहिलं. बक्षीसपात्र जागा त्याला बरोब्बर सापडतात!

थेंबांकडेही नीट बघा. सापावर एकसारखे बारीक थेंब आणि मागचं पान कोरडं, तर पाऊस बाटलीतून पडलाय. आणि डोळे. कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांवरचं पारदर्शक खवलं दुधाळ निळसर होतं. पापण्या सापाला नसतातच. ते खवलंच त्याची काच, आणि तीही कातेबरोबर निघते. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, म्हणून तो बिळात, फटीत दडून राहतो. 'नीलनेत्र' वगैरे नावं देऊन अशा सापाचे उघड्यावरचे फोटो स्पर्धेत येतात. तो उघड्यावर आला कसा, याचं उत्तर फोटोच्या नावात नसतं.

आता थोडं तुमच्याबद्दल, राग मानू नका. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्याचा फोटो एका प्रदर्शनात 'प्रणय' या नावानं लागला होता, पहिल्या तिनात. त्या फोटोत लबाडी काहीच नव्हती, फार सुंदर फोटो होता. फक्त ते दोन नर होते आणि त्यांची कुस्ती चालली होती. सापांच्या वर्गाला निदान एक तरी साप ओळखणारा परीक्षक हवा, एवढंच सुचवतो. लग्नाचे फोटो उत्तम काढणाऱ्याला ही कुस्तीही लग्नच वाटणार.

सर्पमित्रांचा विषय नाजूक आहे, कारण त्यांच्यातले कित्येक जण पदरमोड करून रात्री-बेरात्री घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये, घणसोली-कोपरखैरण्याच्या चाळींमध्ये धावून जातात. त्यांच्यामुळे साप वाचतात आणि माणसंही. पण 'रविवारी सकाळी सोडणार आहे, कॅमेरे घेऊन या' असा निरोप मलाही आलेला आहे. गुरुवारी पकडलेला साप रविवारपर्यंत बरणीत का? उजेड चांगला मिळावा म्हणून. पकडल्याची वनखात्याला नोंद द्यावी आणि शक्य तितक्या लवकर, सापडला त्याच्या जवळपासच सोडावा, हे तेही जाणतात. दूर नेऊन सोडलेला साप अनोळखी जागेत जास्त भटकतो. बिळं ठाऊक नाहीत, वाटा ठाऊक नाहीत. असा साप येऊरच्या पायथ्याशी सोडताना काढलेला फोटो तुमच्याकडे 'येऊरच्या जंगलातील नाग' म्हणून येतो. नाग बिचारा मानपाड्याच्या एखाद्या सोसायटीच्या पंपरूममधला असतो.

कायदा काय म्हणतो ते मी बक्षीस मिळाल्यावर वाचलं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यातल्या कलम २(१६) मधल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं तर आहेच, पण पकडणं, सापळ्यात धरणं, हुसकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हेही आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंसुद्धा त्यात येतं. अभयारण्यात प्रवेशाच्या परवानगीचं कलम २८ राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं त्यात छायाचित्रणाला अट घातली: अधिवासात कोणताही बदल न करता, अधिवासावर किंवा वन्यजीवांवर वाईट परिणाम न होऊ देता. माझी कात्री त्या वाक्यात कुठं बसते ते मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं.

बाहेरच्या मोठ्या स्पर्धाही यातून गेल्या आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ साली पहिला आलेला, फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो जानेवारी २०१० मध्ये बाद ठरवला, कारण लांडगा बहुधा माणसाळलेला होता. २०१७ चा वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊचा फोटो पुढच्या वर्षी बाद झाला. तो प्राणी पेंढा भरलेला असावा असं तज्ज्ञांचं मत पडलं. दोन्ही फोटोग्राफरांनी आरोप नाकारले. म्युझियमनं मात्र निकाल बदलायची लाज बाळगली नाही. तो मुंगीखाऊ कुठल्या वर्गात जिंकला होता माहीत आहे? प्राणी त्यांच्या परिसरात, याच वर्गात.

तुमच्याकडे एवढे तज्ज्ञ नसतील. पण मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली, फेरफार न केलेली फाइल मागता येते, आणि निवडलेल्या फोटोच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमही मागता येतात. सगळं त्यातच उघडं पडतं. माझ्या कार्डावर हुक चार ठिकाणी दिसत होता. शेवटच्या फेरीत आलेल्यांकडून तीच जागा दाखवणारी एक मोठी, रुंद फ्रेम घ्या, ज्यात साप करंगळीएवढा दिसला तरी चालेल. आणि प्रवेशिकेत एक रकाना वाढवा: प्राणी कसा सापडला, कुणी हात किंवा काठी लावली का. खोटं लिहिणारे लिहितील. पण खोटं लिहावं लागणं आणि कुणी विचारलंच नाही, यात फरक पडतो. मला कुणी विचारलं असतं तर मी काय लिहिलं असतं, कुणास ठाऊक.

ठिकाण मात्र जाहीर छापू नका. 'ठाणे जिल्हा' पुरे. तुमच्या प्रदर्शनाच्या वेबसाइटवर फोटोबरोबर जीपीएसचे आकडे तसेच चढतात हे मी पाहिलंय. मांडुळाचे गिऱ्हाईक अजूनही हिंडतात. पैशाचा पाऊस पडतो म्हणून त्या निरुपद्रवी सापाचे सौदे होतात आणि पकडल्याच्या बातम्या दर थोड्या दिवसांनी येतात. त्यांना नकाशा आपण का काढून द्यावा?

संशोधक साप हातात घेतात, खवले मोजतात, पोटाचे फोटो काढतात. ते परवानगी घेऊन चालतं आणि त्याची गरज आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. ते स्पर्धेला फोटो पाठवत नाहीत.

एक गोष्ट मनात घोळतेय ती लिहितो. बक्षिसाचे फोटो सोळा-सतरा वर्षांची पोरं बघतात. शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सनं सापाचं डोकं फ्रेमभर घ्यायचं तर लेन्सचं तोंड सापापासून वीतभर उरतं. तेवढ्यात चापड्याचं काम होतं. आमच्याच चौघांतल्या एकाच्या अंगठ्याला पुढच्या पावसाळ्यात चापडा डसला; कोपरापर्यंत सूज, चार दिवस दवाखाना, आणि घरी सांगितलं बाइक घसरली. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेलं आहे. चापड्याचं विष त्यात नाही. माझ्या फोटोखाली हे लिहायला जागा नव्हती.

न हलवता फोटो मिळतच नाही, असं तुमच्यातलेच काही जण म्हणतील. मिळतो, उशिरा मिळतो. सकाळी ऊन खायला दगडावर आलेली घोरपड तासभर तशीच पडून राहते, कारण अंग तापल्याशिवाय तिला पळता येत नाही. तुम्ही तिच्या आधी जाऊन बसलात आणि हालला नाहीत तर ती तुम्हाला ओंडक्याच्या हिशेबात धरते. मच्छर चावतात, पाय सुन्न होतो, कधी कधी ती येतच नाही. त्या 'येतच नाही'च्या सकाळी मला आता जास्त आठवतात. एकदा घोरपडीची वाट बघताना सापसुरळीनं माझ्या बुटावर चढून नाकतोडा खाल्ला आणि माझी लेन्स एवढ्या जवळचं फोकसच करेना.

त्या बक्षिसाचं मानचिन्ह या पत्राबरोबर कुरिअरनं आयोजकांकडे परत पाठवलं आहे. काचेचं आहे, पोचलं की नाही तेवढं कळवा. रोख रकमेची लेन्स घेतली होती, ती परत करता येत नाही; खाडीच्या सापाचा फोटो तिच्यातूनच काढला.

यंदाही मी प्रवेशिका भरणार आहे. आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनबाहेर ट्यूबलाइटखाली पाली जमतात आणि पाली खायला कवड्या हा बिनविषारी साप येतो. लोक त्याला मण्यार समजून मारतात. आमच्या वॉचमननं मात्र तीन आठवडे त्याला येऊ-जाऊ दिलं. मला बाराव्या रात्री फोटो मिळाला. फ्लॅश नाही, ट्यूबलाइटचाच उजेड, त्यामुळे थोडा दाणेदार आलाय. कवड्या भिंतीवर आडवा, पाल त्याच्या पुढे चार बोटांवर. खाली खिळ्याला वॉचमनचा डबा टांगलेला आहे, तो मी काढलेला नाही.

आपला,
एक जुना स्पर्धक
ठाणे (पश्चिम)